पाचशे एकतीस

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या घरी पाटावर मांडावयाला शस्त्रे अशी फार नसत. आईची विळी, एक मोठी कात्री, नानांची घडीची फूटपट्टी आणि माझ्या कंपासपेटीतले कर्कटक, एवढीच काय ती आमची आयुधे. खरी पूजा व्हावयाची ती पाटावर न मावणाऱ्या एका वस्तूची. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या चौकात, हौदाच्या कठड्याला टेकून नानांची सायकल उभी असे. आदल्या दिवशी रॉकेलच्या बोळ्याने तिचा आरा न् आरा पुसून झालेला असे. हँडलला झेंडूची माळ घालायची, पुढच्या चाकाला हळदकुंकू लावायचे, आणि मग नाना एक गंमत करीत. खाली वाकून ते तिच्या तिरप्या नळीवर नखाने टिचकी मारीत. नळीतून देवघरातल्या घंटेसारखा बारीक नाद निघे आणि क्षणभर घुमत राही. वाड्यातल्या दुसऱ्या कोणाच्याही सायकलीवर तशी टिचकी मारली तर नुसते ‘ठक्’ होई. आम्ही मुले सगळ्या सायकली वाजवून पाहत असू. पण घंटा फक्त आमच्याच घरी होती.

ही सायकल नानांनी १९४७ साली घेतली. खडकीला नोकरीवर असलेला एक इंग्रज फोरमन आपले चंबूगबाळे आवरून विलायतेला परत निघाला होता. त्याने हौसेने बोटीतून आणलेली ही सायकल नानांनी शंभर रुपयांना विकत घेतली. शंभर रुपये ही त्या वेळी आमच्या घरात लहान रक्कम नव्हती. आई पुढे कित्येक वर्षे त्या शंभरांचा उल्लेख करी. सायकलीवर बनविणाराचे नाव राहिले नव्हते. मात्र सीटखालच्या उभ्या नळीवर बोटभर लांबीचा एक छाप शाबूत होता, आणि त्याच्या मधोमध ५३१ असा आकडा होता. हा आकडा कशाचा, ह्यावर वाड्यात मोठा खल चाले. कोणी म्हणे गाडीचा नंबर, कोणी म्हणे साहेबाच्या पलटणीचा. एका गृहस्थांच्या मते ती मूळची किंमत होती आणि नानांना गाडी फारच स्वस्तात पडली होती. उत्तर कोणालाच ठाऊक नसल्यामुळे शेवटी तेच तिचे नाव पडले. ‘पाचशे एकतीस घेऊन जातो,’ असे म्हणून नाना मंडईला निघत.

१२ जुलै १९६१ ह्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आम्ही जीव घेऊन बाहेर पडलो. परत आलो तेव्हा चौकात कमरेएवढा गाळ होता आणि माडीचा एक वासा खाली आला होता. त्या वाशाखाली ‘पाचशे एकतीस’ सापडली. तिची तिरपी नळी वरच्या सांध्यापासून वीतभर अंतरावर पिचली होती.

त्या दिवसांत ज्याला त्याला आपापल्या भिंतींची चिंता. सायकलीचे कौतुक कोण करणार? तरी दोन महिन्यांनी नानांनी ती एका वर्कशॉपमध्ये नेली. तेथे नळी ठोकून सरळ करण्यात आली आणि चिरेवर गॅसचे वेल्डिंग झाले. वर्षाच्या आत, लकडी पुलाच्या उताराला, ती नळी वेल्डिंगच्या कडेला मोडली. नाना तोंडावर पडले, उजवा हात मनगटात मोडला, आणि तो पुढे कधी पूर्ण वळला नाही.

हाताचे दुःख त्यांनी बोलून दाखविले नाही. दुसरेच दुःख मात्र बोलून दाखविले. मोडलेल्या नळीची कड त्यांनी पाहिली होती. ती पत्र्यासारखी पातळ होती. ‘साहेबाने फसवले रे. वरून रंग आणि आत पत्रा,’ एवढेच ते म्हणाले. फ्रेम माळ्यावर गेली, आणि त्यानंतर आमच्या खंडेनवमीला टिचकीचा खेळ झाला नाही.

*

पुढे मी अभियंता झालो आणि १९७३ साली बर्मिंगहॅमच्या एका यंत्रकारखान्यात नोकरीला लागलो. तेथे माझ्या शेजारच्या लेथवर निवृत्तीला आलेला एक म्हातारा कारागीर होता. रोज सकाळी तो अकरा मैल सायकल हाणीत कामावर येई. एके दिवशी सायकलींच्या कोठ्यात माझे लक्ष त्याच्या गाडीकडे गेले, आणि सीटखालच्या नळीवर तोच छाप, तोच आकडा दिसला. परक्या गावात अचानक आपल्या आळीतला माणूस भेटावा तसे मला झाले. मी वाकलो आणि तिरप्या नळीवर टिचकी मारली. घंटा वाजली. मागून म्हातारा हसत म्हणाला, ‘म्हणजे तुला ठाऊक आहे तर!’ मला काहीच ठाऊक नव्हते. ते जाणून घ्यावयास मला पुढली तीन वर्षे लागली. त्यातले बरेचसे त्याच्याकडून आले, बाकीचे ग्रंथालयांतून.

सायकलीला आज आपण ओळखतो तो आकार येऊन फार काळ झालेला नाही. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली ह्याने सारखी चाके असलेली आणि साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने बेलफास्टला हवेचा टायर केला. चौकटीला चौकोनी पतंगासारखा आकार आला आणि तोच टिकला. पण ही चौकट करावयाची कशाची? भरीव सळईची केली तर माणसाला उचलवत नाही. म्हणून पोकळ नळी हवी. आणि पत्रा वळून, कडा जुळवून केलेल्या नळीला शिवण राहते. ताण आला की ती शिवणीवर उसवते. तप्त पोलादाच्या भरीव लगडीला फिरत्या रुळांत धरून आतून भोक पाडण्याची युक्ती जर्मनीच्या मानेसमान बंधूंनी १८८५ साली काढली. अशी बिनशिवणीची नळी मग थंड स्थितीत, सोनार जंतरातून तार ओढतो तशी, लहान लहान भोकांतून ओढून हवी तेवढी बारीक करता येऊ लागली. सायकलीला तिचे हाडाचे माप मिळाले.

आता अडचण उरली ती सांध्याची. सायकलीच्या नळ्या पोकळ सांध्यांत बसवून पितळेच्या डाखाने पक्क्या करतात. त्या सांध्याला कारागीर ‘लग’ म्हणतात. खड्ड्यात चाक आपटले की सारा धक्का येऊन थांबतो तो लगच्या कडेशी. शिवाय डाख देताना त्याच जागी नळी लालभडक तापलेली असते, म्हणजे तिथले पोलाद थोडेसे नरम झालेले असते. तेव्हा नळी मोडली तर सांध्याशी मोडणार. त्यासाठी सबंध नळी जाड घ्यावी तर वजन वाढते. सबंध नळी पातळ घ्यावी तर सांधा दगा देतो.

ह्या कोड्याचे उत्तर बर्मिंगहॅमच्या एका खिळेवाल्याने दिले. रेनॉल्ड्स घराण्याचा तेथे खिळे करण्याचा जुना कारखाना होता. त्यातल्या आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स ह्याने १८९७ साली एक पेटंट घेतले. त्यातली कल्पना सांगावयास सोपी आहे: नळी बाहेरून सगळीकडे सारख्या मापाची असावी, आतून मात्र दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असावी. धातू जिथे हवा तिथे ठेवायचा, जिथे नको तिथून काढून घ्यायचा. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळणार नाही.

करावयास मात्र ही गोष्ट सोपी नव्हती. नळीच्या आत एक घडीव सळई घालायची. ती मध्ये जाड आणि टोकांना बारीक. मग नळी सळईसकट भोकातून ओढायची. सळईच्या अंगावर नळी दाबून बसते. सळई बारीक असेल तिथे धातू जाड राहतो, जाड असेल तिथे पातळ होतो. इथवर ठीक. पण आता सळई बाहेर कशी काढणार? सुरईत हात घालून मूठ मिटलेल्या माकडाची गत! टोके अरुंद, पोट रुंद. तेव्हा नळी तिरप्या बसविलेल्या रुळांमधून फिरवत नेतात. लाटण्याखाली पोळी पसरावी तशी नळीची भिंत किंचित पसरते, नळी केसभर फुगते आणि सळई सुटते. मग नळी पुन्हा एकदा, ह्या खेपेस रिकामी, भोकातून ओढून मूळ मापावर आणतात. पोलाद ओढून ओढून ठिसूळ होते, म्हणून मधून मधून भट्टीत तापवून त्याला विसावाही द्यावा लागतो.

पेटंट झाले, १८९८ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनीही निघाली. पण मुहूर्त वाईट होता. १८९६ साली इंग्लंडात सायकल कंपन्यांच्या शेअरांचे वेड शिगेला पोहोचले होते. घरे गहाण टाकून लोकांनी कागद घेतले. पुढच्याच वर्षी फुगा फुटला आणि बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्रीचे कितीतरी कारखाने बसले. खिळेवाल्यांची नळी मात्र तगून राहिली. चांगली सायकल करणाराला ती सोडून दुसरे काही चालेना. १९२३ मध्ये कंपनीने रेनॉल्ड्स हे घराण्याचे नाव घेतले, आणि १९२८ मध्ये ती ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ह्या मोठ्या समूहात सामील झाली. हे समूहाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे, आणि तेही आपल्या देशात.

*

आकड्याची हकीकत १९३५ सालची. त्या वर्षी रेनॉल्ड्सने मँगेनीज आणि मॉलिब्डेनम ह्या धातूंचा अंश असलेल्या नव्या पोलादाची नळी बाजारात आणली आणि तिला ५३१ असे नाव दिले. मिश्रणातल्या मुख्य घटकांच्या पाचास तीनास एक अशा प्रमाणावरून ते पडले असे सांगतात. हे दोन्ही धातू मिळून शंभरात दोन भागही नसतात. पण वरणातल्या हिंगासारखे त्यांचे काम असते. ह्या पोलादाचा मोठा गुण असा, की डाखाची धग सोसूनही ते आपले बळ बरेचसे टिकवते. बळ अधिक, म्हणून नळी आणखी पातळ करता आली. सायकलीची तिरपी नळी टोकांना सुमारे ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर. दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवून पाहा, म्हणजे त्या मधल्या भिंतीची जाडी लक्षात येईल. आपली दणकट रोडस्टर सायकल अठरा-वीस किलो भरते, तर अशा नळ्यांची शर्यतीची सायकल दहा-अकरा किलोत उभी राहते. आणि ती घंटा? पातळ, ताठ भिंतीच्या नळीला नाद असतो; जाड नळीला नसतो. आमच्या वाड्यातल्या पोरांची परीक्षा अगदीच पोरकट नव्हती म्हणायची.

दुसऱ्या महायुद्धात सायकलींचे काम मागे पडले आणि नळ्या विमानांकडे गेल्या. स्पिटफायर विमानाचे इंजिन धरून ठेवणाऱ्या सांगाड्यात ५३१ होती. युद्धानंतर १९६१ साली निघालेल्या जॅग्वारच्या नामांकित ई-टाइप मोटारीचा पुढला सांगाडाही तिचाच. पण तिचा खरा संसार थाटला तो इंग्लंडच्या सायकलवेड्या कामगारांबरोबर.

हे वेडही ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडच्या सायकलसंघाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या झुंडीच्या शर्यतींना बंदी केली होती. पोलिसांचे लक्ष वेधले जाऊन सायकलीच रस्त्यावरून हद्दपार होतील अशी भीती होती. मग हौशी लोकांनी पळवाट काढली. रविवारी पहाटे, गाव जागे होण्यापूर्वी, ठरलेल्या रस्त्यावर जमायचे. त्या रस्त्याला नाव नाही, सांकेतिक अक्षर आणि आकडा. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, जणू कोणी साधाभोळा कारकून कामावर चालला आहे. मिनिटामिनिटाने एकेकाला सोडायचे. स्पर्धा माणसाशी नाही, घड्याळाशी. माझा म्हातारा मित्र तरुणपणी ह्याच पहाटेच्या मंडळींतला. शनिवारी संध्याकाळी कामावरून सुटला की शर्यतीची हलकी चाके पुढच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंना बांधून तो चाळीस-पन्नास मैल सायकलनेच शर्यतीच्या गावी जाई, चाके बदली, शर्यत करी, आणि परत सायकलनेच घरी येऊन सोमवारी लेथवर उभा राही. १९४२ च्या ७ जूनला पर्सी स्टॅलर्ड नावाच्या सायकलपटूने लँगॉथ्लेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत उघडउघड झुंडीची शर्यत भरवून ही बंदी मोडली. त्याबद्दल त्याला संघाबाहेर घातले. पण रस्ता मोकळा व्हावयास तिथून सुरुवात झाली.

अशा गिऱ्हाइकांना मोठ्या कारखान्याची ठोक सायकल चालत नसे. ते गल्लीतल्या फ्रेम बनविणाराकडे जात, शिंप्याकडे द्यावे तसे पायाचे, हाताचे माप देत, आणि चार-सहा आठवड्यांचा पगार मोजून फ्रेम करून घेत. इंग्लंडात असे लहान कारागीर गावोगाव होते. लंडनच्या हेचिन्सने मागच्या नळ्यांना नागमोडी वळण देऊन आपली सायकल लांबून ओळखू येईल अशी केली. दुसरे कोणी लगच्या कडा कानशीने कोरून जाळीकाम करीत. नळ्या मात्र बहुधा सगळ्यांच्या एकाच ठिकाणच्या. म्हणून त्या छापाला मान होता. छापातल्या मजकुरावरून जाणत्याला हेही कळे की फक्त तीन मुख्य नळ्याच ५३१ च्या आहेत, की फोर्क आणि मागच्या नळ्याही. इटलीत मिलानच्या आंजेलो लुइजी कोलंबो ह्याने १९१९ मध्ये काढलेल्या कारखान्याच्या कोलंबस नळ्यांना पुढे असाच मान मिळाला. १९७२ च्या ऑक्टोबरात मेक्सिको सिटीला एडी मर्क्सने तासात ४९.४३१ किलोमीटर जाण्याचा विक्रम केला, तो एर्नेस्तो कोल्नागोने बनविलेल्या पोलादी सायकलवरच. रेनॉल्ड्सने १९७६ मध्ये ५३१ पेक्षाही पातळ अशी ७५३ नळी काढली. ती चांदीच्या डाखाने मंद आचेवरच जोडावी लागे, आणि कारागिराने जोडकामाची परीक्षा दिल्यावाचून त्याला ती विकतच नसत. १९८० साली योप झूटेमेल्कने फ्रान्सची महाशर्यत जिंकली, तेव्हा त्याच्या टीआय-रॅले संघाच्या सायकली ह्याच नळीच्या होत.

मग पुण्यात, जे गाव त्या काळी सायकलींचे शहर म्हणून गाजत होते, तिथे हा आकडा कोणालाच कसा ठाऊक नव्हता? त्याचे उत्तर मानहानीचे नाही. आपल्याकडे १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्सचा कारखाना निघाला, तो त्याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या भागीदारीत. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. पण आपली सायकल ही शर्यतीची नव्हेच. तिच्यावर दुधाच्या कॅनी, धान्याचे पोते, पुढच्या दांडीवर मूल आणि मागे कॅरिअरवर कुटुंब असा सारा प्रपंच चालावयाचा. तिला जाड, सबंध सारख्या भिंतीची, कोठल्याही नाक्यावर वेल्डिंग करता येईल अशी स्वस्त नळीच योग्य होती. नानांच्या सायकलीची जात वेगळी होती, आणि तिच्या जातीचे दुसरे कोणी गावात नव्हते, एवढेच.

*

एका संध्याकाळी चहा घेताना मी म्हाताऱ्याला घरची हकीकत सांगितली. पूर, वासा, वेल्डिंग, लकडी पूल. त्याने दोनच प्रश्न विचारले. ‘मोडली कोठे?’ मी म्हटले, सांध्यापासून वीतभर खाली. ‘आणि जोडली कशाने?’ गॅसच्या ज्योतीने, लोखंड वितळवून. त्याने कप खाली ठेवला. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलने नळीचा छेद काढून त्याने मला दाखविले. ती सारी नळीच अशा हिशेबाने केलेली, की आच लागेल ती जाड टोकांना लागावी, आणि तीही डाखापुरतीच. आमच्या वेल्डिंगची आच बरोबर मधल्या पातळ भागावर पडली होती, आणि तीही पोलाद वितळण्याइतकी. वेल्डिंगच्या कडेचे पोलाद त्याने कडक आणि ठिसूळ झाले. पुढच्या हादऱ्यांना ते तेथेच तडकणार होते. वर्कशॉपवाल्याचाही दोष म्हणवत नाही. ह्या नळीच्या पोटात काय आहे हे त्याला बाहेरून दिसणार कसे?

१९७६ साली मी परत आलो, तेव्हा सामानात एक तिरपी नळी होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. सांताक्रूझ विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी ती उलटसुलट करून, डोळ्याला लावून पाहिली. ‘हे काय आणलंत?’ मी म्हटले, ‘सायकलची नळी.’ ‘इथे मिळत नाहीत का नळ्या?’ ह्यावर काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. त्यांनी कीव येऊन सोडून दिले.

माळ्यावरची फ्रेम खाली काढली. नाना तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांनी विशेष उत्साह दाखविला नाही. झोपाळ्यावरून नुसते पाहत राहिले. मी आधी फ्रेम सरळ आहे का ते पाहिले. मागच्या चाकाच्या एका खाचेला सुतळी बांधून ती हँडलच्या उभ्या नळीवरून वळवून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडे अंतर मोजायचे. फरक दोन सुतांचा निघाला. तो हाताने काढता आला. वरची नळी पुढच्या सांध्यामागे बोटाने चाचपून पाहिली. समोरून धडकलेल्या सायकलीला तेथे रंगाखाली वळी पडते, ती नव्हती. फोर्क ठीक होता. आता प्रश्न डाखाचा.

तो सुटला तांबट आळीत. पिढ्यान् पिढ्या तांब्याची भांडी पितळी डाखाने जोडणारे एक वृद्ध तांबट आमच्या ओळखीचे होते. मी त्यांना म्हाताऱ्याने सांगितलेली रीत सांगू लागलो: सांधा आतबाहेर घासून स्वच्छ करायचा, टाकणखार लावायचा, पितळ वाहण्यापुरतीच आच, वर नाही. त्यांनी मला मध्येच थांबविले. ‘अहो, तुमचा विलायतेचा म्हातारा आमच्यातलाच दिसतो!’ त्यांनी भात्यावर मुलाला बसविले आणि कामाला लागले. अंशांची भाषा त्यांना लागत नव्हती. पोलादाचा रंग गर्द लालावरून नारिंगीकडे वळू लागला की ते हाताने खूण करीत आणि भाता थांबे. जुने पितळ पाघळले, जुनी नळी सांध्यांतून सुटून आली, नवी बसली, आणि टाकणखाराच्या काचेखालून नवे पितळ सांध्याच्या कडेभर पळाले. नाना सोबत आले होते. जागेवरून उठून केव्हा ते भट्टीजवळ येऊन उभे राहिले, मला कळले नाही.

जुनी नळी मी घरी आणली आणि चौकात बसून करवतीने उभी चिरली. आतून प्रथम गाळ पडला. सुकून भुकटी झालेला, पंधरा वर्षांपूर्वीचा मुठेचा गाळ. नानांनी तो चिमटीत घेऊन पाहिला आणि काही बोलले नाहीत. मग मी ओल्या फडक्याने कड पुसली. छेद स्पष्ट दिसू लागला: टोकाला जाड, पुढे बोटभर अंतरात हळूहळू उतरत गेलेली, मध्ये कागदी. दुसऱ्या टोकाला पुन्हा तशीच. नानांनी चष्मा पुसला आणि अंगठ्याचे नख त्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरविले.

‘म्हणजे साहेबाने फसवले नव्हते,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘चौदा वर्षे मी त्या माणसाला उगीच शिव्या दिल्या.’

मी सगळ्या फ्रेमला नवा रंग देणार होतो. नानांनी नको म्हटले. जुन्या नळ्यांवर पुराने आणि वयाने जे केले ते तसेच राहू द्यावे. नवी नळी नवी दिसली पाहिजे. म्हणून ती साधी काळी ठेवली, आणि छापाला कोणी हात लावला नाही. आतून गंज धरू नये म्हणून नळ्यांत जवसाचे तेल फिरविले. त्या दसऱ्याला नाना सायकलीवर बसले, लकडी पुलापर्यंत गेले, आणि उतारावर उतरून, हातात धरून परत आले.

*

नाना १९८८ साली गेले. त्यानंतर पाहता पाहता शर्यतींतून पोलाद हद्दपार झाले. नव्वदीच्या दशकात ॲल्युमिनियम आले आणि मग कार्बनचा धागा. ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहाचे इंग्लंडातले ते जुने साम्राज्यही राहिले नाही. आपल्याकडे ॲटलसने २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकलदिनी, साहिबाबादचा कारखाना बंद केला. रेनॉल्ड्सचा नळ्यांचा उद्योग मात्र बर्मिंगहॅममध्ये अजून चालू आहे, आणि आता तरुण मंडळी जुन्या पोलादी फ्रेम शोधत हिंडताना दिसतात. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचे एक सुंदर संग्रहालयही झाले आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जावे असे ते आहे.

अशा कोणाच्या घरी माळ्यावर हलकी, जुनी विलायती फ्रेम निघाली, तर त्यांनी घाईने रंगाऱ्याकडे धावू नये. प्रथम सीटची दांडी काढून मापावी. सव्वीस-सत्तावीस मिलिमीटरच्या आसपास, आणि विशेषतः २७.२ भरली, तर नळी पातळ आणि चांगल्या घराण्याची असण्याचा संभव फार. जाड भिंतीच्या नळीत तेवढी दांडी मावतच नाही. दांडी अडकली असेल तर जोर करू नये. तेल सोडून आठवडाभर वाट पाहावी. पायडलांच्या खालच्या पेटीत पाणी साचते, तिथला गंज पाहावा. आणि नळीच्या मध्यावर कोणालाही ज्योत लावू देऊ नये. हे सगळे नंतर. सगळ्यांत आधी एक टिचकी मारून पाहावी.

मी आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. सायकल नातू चालवतो. खंडेनवमीला विळी, कात्री आणि फूटपट्टीशेजारी आमच्या पाटावर अजून एक वस्तू असते: उभी चिरलेली, वीतभर लांबीची पोलादी नळी. पाहुणे विचारतात, हे काय? नातू त्यांना नख फिरवावयास सांगतो.